पाळी जाताना शरीरात काय काय हलतं: मेडिकलच्या काउंटरमागून

पंचेचाळीस-पन्नासच्या घरातली बाई दुकानात येते. काउंटरपाशी पुरुष गिऱ्हाईक असेल तर टूथपेस्टच्या रॅककडे बघत उभी राहते. तो गेला की पुढे सरकते आणि कानात सांगितल्यासारखं विचारते, "ताई, झोपेची गोळी मिळंल का?"

सांगलीत औषधाचं दुकान चालवताना हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की आता मीच दोन-चार प्रश्न विचारते. मग हळूहळू निघतं. रात्री दोनला जाग येते, पाठ घामानं भिजलेली असते. पाळी तीन महिने आलीच नाही आणि आली ती दहा दिवस थांबेना. छातीत धडधडतं. "घरात सगळ्यांवर वस्सकन ओरडते मी. नंतर माझं मलाच वाईट वाटतं."

शेजारी मिरज, शंभर वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांचं गाव म्हणून प्रसिद्ध. तरी ही गोष्ट पहिल्यांदा निघते ती गोळ्यांच्या दुकानात, तीही कुजबुजत. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तपासणं आणि औषध ठरवणं माझं काम नव्हे. पण आत काय चाललंय ते समजलं तर बाई निम्मी निर्धास्त होते आणि उरलेल्या निम्म्यासाठी योग्य दारात जाते, एवढं मी पाहिलंय.

चिठ्ठीवर 'रजोनिवृत्ती' असतं, बोलताना आपण 'पाळी गेली' म्हणतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. म्हणजे शेवटची पाळी कुठली होती हे वर्ष उलटल्यावरच कळतं. भारतात हे साधारण ४६-४७ च्या सुमारास होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. चाळिशीच्या आत झालं तर 'आमच्या घराण्यात लवकरच जाते' म्हणून सोडून देऊ नये, तपासून घ्यावं. खरा गोंधळ मात्र पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत असतो, आणि त्या काळाला आपल्या बोलीत नावच नाही.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे, बाकीची आपसूक विरतात. साठा तळाला गेला की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन अडखळायला लागतं. सगळे म्हणतात, इस्ट्रोजेन 'कमी होतं'. शेवटी होतंच, पण आधीची काही वर्षं ते वर-खाली उसळत राहतं. विहिरीवरची मोटर कमी-जास्त व्होल्टेजनं कशी जळते ते शेतकऱ्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. या वर्षांतला त्रास बराचसा त्याच जातीचा.

वाफांचं घ्या. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तो जरा ढिला असतो, थोडं इकडेतिकडे झालं तर काणाडोळा करतो. इस्ट्रोजेन घसरलं की तो कमालीचा काटेकोर होतो. एक कप चहा, गॅसपुढं दोन भाकऱ्या, सुनेशी झालेला खटका, एवढ्यावरही त्याला वाटतं शरीर तापलंय. मग तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतो. छातीपासून चेहऱ्यापर्यंत भडका उठतो, घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत अंग गार पडून हुडहुडी भरते. ताप नसतो. थर्मामीटर लावून 'काहीच तर नाही' म्हणणाऱ्या घरच्यांना हेच कळत नाही.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ऊन कुठलं आणि वाफ कुठली हे ओळखणं अवघडच. कवठे महांकाळकडची एक मावशी, बेदाण्याच्या शेडवर काम करणारी, मला म्हणाली, "ऊन सगळ्यास्नी लागतंय ताई, पण माजं ऊन आतनं येतंय." डॉक्टरी पुस्तकात याहून नेमकं वर्णन मला मिळालेलं नाही.

हे किती दिवस चालतं? काहींना वर्षभर, काहींना दहा वर्षं. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या जणींना सात वर्षांहून जास्त काळ त्रास झाल्याचं दिसलं. 'सहा महिन्यांत जाईल' हे आश्वासन कुणी देऊ नये आणि घेऊ नये. सुती कपडे, खोलीत वारा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि तिखट कमी, वजन आटोक्यात, यानं थोडं हलकं होतं. झोप आणि वाफांची धास्ती यासाठी समुपदेशनाची सीबीटी ही पद्धत (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) उपयोगी पडते, त्याला चांगला पुरावा आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'हार्मोन बॅलन्स'च्या महागड्या पावडरींबद्दल मात्र माझं मत विचारू नका. त्या मी दुकानात ठेवत नाही.

आणि हार्मोनच्या गोळ्या? नाव काढलं की बायका दोन पावलं मागं सरकतात. "त्यानं कॅन्सर होतो म्हणे." ही भीती आली कुठून ते सांगते. २००२ साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला, कारण दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. जगभर बातम्या झाल्या. पण 'जास्त' म्हणजे किती? दहा हजार बायकांमागं वर्षाला आठ. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. नंतर तेच आकडे वयाप्रमाणे वेगळे करून पाहिले. आज जाणकार डॉक्टर असं सांगतात की साठीच्या आतली किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली बाई असेल, त्रास खराच जास्त असेल आणि आड येणारं काही नसेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा मोठा असतो. आड येणारं म्हणजे स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असणं, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असणं, यकृताचा आजार, कारण न सापडलेला रक्तस्राव. पिशवी, म्हणजे गर्भाशय, जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध लागतं. सगळ्यांनी घ्यावं असं हे औषध नाही, पण नाव ऐकून पळावं असंही नाही. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नेऊ नये, एवढं नक्की.

आता पिशवीकडे येते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

दर महिन्याला इस्ट्रोजेन पिशवीच्या आत अस्तर चढवतं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन येतं आणि ते अस्तर आवरून धरतं, मग ठरल्या दिवशी ते नीट गळून पडतं. पाळी जायच्या सुमारास कित्येक महिने बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, अस्तर चढतच राहतं आणि कधीतरी अवेळी, भसाभसा कोसळतं. गाठी पडतात, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, आठवडा उलटला तरी अंगावरून जायचं थांबत नाही. हे सोसत बसायचं नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बायका मी जिना चढताना दम लागतो म्हणून टॉनिक मागताना पाहिल्यात. आणि गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढं ढकलायची गोळी दरवर्षी नेणाऱ्यांनी पंचेचाळिशीनंतर ती सवय सोडावी. आधीच विस्कटलेलं चक्र त्यानं आणखी झाकलं जातं आणि खरं कारण शोधायला उशीर होतो.

अशा वेळी कानावर पडणारा सल्ला ठरलेला: "मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका, कटकट नको." काही वेळा काढावी लागतेच. मोठ्या गाठी, कॅन्सर, कशालाच न जुमानणारा रक्तस्राव. पण त्याआधी गोळ्या असतात, हार्मोन सोडणारी तांबी असते, आतल्या अस्तरावरचे छोटे उपचार असतात. आणखी एक प्रश्न बाईनं तोंड उघडून विचारलाच पाहिजे: अंडाशय ठेवणार की तेही काढणार? नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय काम करत राहतात, जरी ते पुढं थोडे लवकर थकले तरी. दोन्ही काढलं तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. जे उतरायला पाच-सहा वर्षं लागायची तिथून थेट खाली उडी. पस्तिशीत ही उडी मारलेल्या बाईच्या हाडांना आणि हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्या भागात हे लांबचं बोलणं नाही. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर उतरतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. फडात संडास नाही, पाणी नाही, खाडा केला की पैसे कापले जातात, त्यात पाळीचं दुखणं. 'पिशवी'चा सौदा तिथं स्वस्त वाटतो. आपल्या रस्त्यानं मोळ्या वाहणाऱ्या बायांपैकी कितीजणी तिशीतच हाडं झिजवत असतील, या विचारानं हंगामात मला कधीकधी ट्रॅक्टरकडं बघवत नाही.

एक खूण मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर कधीही, अगदी एक डाग दिसला, तरी डॉक्टरकडे जायचं. 'परत सुरू झाली वाटतं' म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. याच्या उलट गंमत म्हणजे पाळी चुकली की 'गेली' असं धरून बसणाऱ्या बायका. सेहेचाळिसाव्या वर्षी प्रेग्नन्सी किट घेऊन जाणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं परत येणाऱ्याही मी पाहिल्यात. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी येऊन गेली असेल तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं असतं.

हाडांचं समजवताना मी आमच्या रस्त्यांचं उदाहरण देते. हाड म्हणजे एकदा बांधून संपलेलं काम नव्हे. एक गँग जुनं खोदत असते, दुसरी मागून भरत येते, जन्मभर. इस्ट्रोजेन हा खोदणाऱ्यांवरचा मुकादम. तो गेला की खोदकाम सुसाट आणि भरणारे मागं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांचा पाचवा भाग उतरतो. दुखत काहीच नाही. पहिली बातमी येते ती न्हाणीघरात घसरून मनगट मोडल्यावर, नाहीतर पाठ वाकायला लागल्यावर.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगतं. एक पेला दुधात अडीचशेच्या जवळपास, नाचणीच्या एका भाकरीत दीडशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, दही यांनी भर पडते. तरी कमी पडलं तर गोळी. पण गोळीनं मुकादम परत येत नाही. चालणं, जिना, थोडं वजन उचलणं यानं भरणाऱ्या गँगला काम मिळतं. ड जीवनसत्त्वाचं कोडं मजेशीर आहे. इतकं ऊन असून बहुतेकींना ते कमी. शेतातली बाई नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं, स्कूटीवरची बाई सनकोट, स्कार्फ, हातमोजे. उन्हाला शिरायला जागा कुठाय?

काउंटरवर रोज सांगावं लागतं म्हणून इथंही सांगते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत. लोहाची गोळी तिच्याबरोबर नाही आणि चहाबरोबर तर नाहीच. थायरॉईडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर. आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा. एका काकूंनी 'ताकद येते' म्हणून रोज एक अशी पंधरा दिवस घेतली आणि उलट्या, तहान, बद्धकोष्ठता घेऊन ॲडमिट झाल्या. हे जीवनसत्त्व अंगात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

मनाचं काय? 'या वयात चिडचिड होतेच' हे वाक्य मला आवडत नाही, कारण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. इस्ट्रोजेनचा मेंदूतल्या सेरोटोनिन या मनावर परिणाम करणाऱ्या रसायनाशी संबंध आहे, त्याच्या चढउतारात मन खरोखर हेलकावतं. बाळंतपणानंतर किंवा पाळीआधी ज्यांना उदासी यायची त्यांना इथं जास्त जपावं लागतं. दुसरं, रोज रात्री तीनदा घामानं उठणारी कुठलीही बाई सकाळी वसकन बोलणारच. पुरुषही बोलेल. तिसरं आयुष्य. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी, सासूबाई अंथरुणावर, नवरा रिटायर होऊन दिवसभर घरात. चौथं, यातलं काहीच नसून थायरॉईड असणं. टीएसएचची एक रक्ततपासणी हा फरक सांगते, ती आधी करावी.

उदासी दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ राहिली, आवडीचं काही करावंसं वाटेना, भूक-झोप गेली, तर तो 'स्वभाव' नाही, आजार आहे. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतो. आणखी एक. डिप्रेशनवरची काही औषधं कमी डोसमध्ये वाफांवरही देतात. चिठ्ठी गुगल करून "मला काय वेडी समजले काय" म्हणत गोळ्या परत करायला आलेल्या एका बाईंना मी हे समजावलं तेव्हा त्या हसल्या आणि गोळ्या घेऊन गेल्या.

सगळ्यात कमी बोललं जातं ते खालच्या जागेबद्दल. इस्ट्रोजेन गेलं की तिथली त्वचा पातळ, कोरडी होते. संबंध दुखरे होतात, आग होते, लघवीला सारखं जावं लागतं. बाई त्याला उन्हाळी लागली समजते. वर्षात चौथ्यांदा "ती नेहमीची लघवीची गोळी द्या" म्हणून येणाऱ्या बाईचा प्रश्न अँटिबायोटिकनं सुटणारा नसतो. तिथं लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, रक्तात अगदी थोडं जातं, आणि वारंवार होणारं इन्फेक्शन त्यानं कमी होतं. डॉक्टर विचारत नाहीत, बाई सांगत नाही आणि चिठ्ठीवर पुन्हा तेच अँटिबायोटिक. शिंकताना-खोकताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने नेटानं करावा, बऱ्याच जणींना फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तरी लगेच ऑपरेशनच असं नाही, आधार देणारी रिंगही बसवता येते.

हृदयाचं थोडक्यात. पाळी असेपर्यंत बायकांना थोडं संरक्षण असतं, नंतर कोलेस्टेरॉल आणि बीपी वर सरकतात. बाईचा हार्ट अटॅक नेहमी सिनेमातल्यासारखा छाती धरून येत नाही. जबडा, पाठ दुखणं, दम लागणं, मळमळ, विनाकारण गळून जाणं असाही येतो. "पित्त झालंय, गोळी द्या" म्हणत घामाघूम झालेली पन्नाशीची बाई दिसली की मी गोळी देत नाही, रिक्षा बोलावते.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. साठीकडे झुकलेले, धोतर-टोपी, हळदीच्या यार्डातून थेट आलेले असावेत, हात पिवळे. रॅककडे न बघता सरळ म्हणाले, "बाई, आमच्या मंडळींना रात्री वाफा येत्यात. त्या पंखा पाचवर करत्यात, मी गारठतोय. मी बंद करतोय, त्या उठून बसत्यात. ह्याच्यावर गोळी काय?"

"तिच्यासाठी डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्यासाठी वाकळ."